३ सेकंदांत एक गोळी: शूटिंगचा टायमर नक्की काय मोजतो?

गेल्या वर्षी दिवाळीत मामाकडे कोल्हापूरला गेलो होतो. माझी मामेबहीण २५ मीटर पिस्तूल खेळते. फराळ चालू असताना तिने विषय काढला, "दादा, तू सॉफ्टवेअरवाला ना? मला घरी सराव करायला एक टायमर करून दे की. बीप वाजला पाहिजे, आणि मी किती वेळात ट्रिगर दाबला ते दिसलं पाहिजे." मला वाटलं, यात काय अवघड आहे? एक बीप, एक माइक, एक वजाबाकी. दोन वीकेंडमध्ये ॲप तयार झालं आणि मी तिला पाठवून दिलं.

तीन महिन्यांनी तिचा रॅपिडचा स्कोअर ३०० पैकी २८१ वरून २७२ वर आला होता. कोच म्हणत होते, पोरगी उगाच घाई करतेय. ती म्हणत होती, घाई केली नाही तर वेळच पुरत नाही, ॲपमध्ये दिसतंय ना! आणि ॲप चुकीचं सांगत होतं. ते कसं चुकलं हे शोधताना मला शॉट टायमर नावाच्या यंत्राबद्दल जे कळलं, ते आज सांगतो. तुम्ही नेमबाजी करत नसाल तरी चालेल. ज्यांनी कधी कोडचा परफॉर्मन्स मोजलाय, त्यांना यातल्या बऱ्याच चुका ओळखीच्या वाटतील.

आधी खेळ समजून घेऊ

महिलांच्या २५ मीटर पिस्तूलमध्ये ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० प्रिसिजनच्या. पाच गोळ्यांच्या प्रत्येक फेरीला ५ मिनिटं, म्हणजे भरपूर वेळ. उरलेल्या ३० रॅपिडच्या, आणि सगळी गंमत तिथे आहे. हात खाली, ४५ अंशात धरायचा. समोर लाल दिवा. ७ सेकंदांनी हिरवा लागतो आणि ३ सेकंद राहतो. तेवढ्यात हात वर आणायचा, नेम धरायचा, एक गोळी मारायची, हात परत खाली. पुन्हा ७ सेकंद लाल, पुन्हा ३ सेकंद हिरवा. असं पाच वेळा झालं की एक फेरी संपते. रॅपिडच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १० सेंटीमीटर व्यासाचं असतं, प्रिसिजनमध्ये ते ५ सेंटीमीटरचं. म्हणजे वेळ कापलाय, पण त्या बदल्यात वर्तुळ मोठं करून दिलंय.

पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये हेच प्रकरण आणखी तापतं. शेजारी शेजारी पाच टार्गेटं, दोन टार्गेटांच्या मध्यांमध्ये ७५ सेंटीमीटर अंतर, प्रत्येकावर एक गोळी. पाच गोळ्यांना आधी ८ सेकंद, मग ६, मग ४. चार सेकंदांचा हिशोब करून बघा. हात वर आणून पहिली गोळी मारायला १.६ सेकंद गेले, तर उरलेल्या चार गोळ्यांना २.४ सेकंद, म्हणजे प्रत्येकी ०.६. त्या ०.६ सेकंदात पिस्तूल साधारण १.७ अंश बाजूला न्यायचं, थांबवायचं आणि ट्रिगर दाबायचा. आणि २५ मीटरवरून बघितलं तर दहाचं वर्तुळ अख्खं जेमतेम ०.२३ अंशाचं! २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार यांनी याच प्रकारात रौप्यपदक मिळवलं. तिथे फायनलच्या सगळ्या फेऱ्या ४ सेकंदांच्याच होत्या, आणि ९.७ किंवा त्याहून चांगला शॉट असेल तरच एक गुण, नाहीतर शून्य.

आपल्याकडे या खेळाचं नाव घेतलं की कोल्हापूरच्या राही सरनोबत आठवतात. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पालेमबंगला झालेल्या त्या फायनलमध्ये थायलंडच्या खेळाडूशी ३४–३४ अशी बरोबरी झाली आणि निकाल शूट-ऑफवर गेला. पहिल्या शूट-ऑफमध्येही बरोबरी. दुसऱ्यात राहींचे ३ आणि समोरचीचे २. प्रत्येक शॉटला तेच ३ सेकंद. बहिणीच्या खोलीत त्यांचा फोटो आहे, हे वेगळं सांगायला नको.

वेळ संपली हे ठरवतं कोण?

मला यातला जुना उपाय फार आवडला. इलेक्ट्रॉनिक टार्गेट येण्याआधी कागदी टार्गेट एका फिरत्या चौकटीवर लावत. वेळ सुरू झाली की चौकट फिरून टार्गेट समोर येणार, वेळ संपली की परत काटकोनात वळणार, म्हणजे नेमबाजाला कागदाची फक्त कड दिसणार. उशिरा मारलेली गोळी वळत्या कागदाला तिरकी लागते आणि भोक आडवं लांबट होतं. मग पंच ते भोक मोजायचे. .२२ च्या गोळीसाठी मर्यादा ७ मिलिमीटर. त्याहून लांब भोक म्हणजे गोळी उशिरा आली, शॉट बाद. कागदच घड्याळ! वेगळा सेन्सर नाही, त्यामुळे त्याला आणि घड्याळाला सिंक करायची भानगडही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मला हाच धडा उलट्या बाजूने शिकावा लागला.

आता दिवे असतात आणि टार्गेटमध्ये सेन्सर. काही प्रकारांत मायक्रोफोन गोळीचा आवाज टिपतात आणि प्रत्येक मायक्रोफोनपर्यंत तो किती फरकाने पोहोचला यावरून जागा काढतात. नव्या प्रकारांत हे काम प्रकाशकिरण करतात. दिवे आणि सेन्सर एकाच यंत्रणेला जोडलेले असल्यामुळे गोळी हिरव्या दिव्यात आली की नाही, हे तीच यंत्रणा ठरवते.

पण घरी हे कुठून आणणार? म्हणून लोक शॉट टायमरकडे वळतात.

शॉट टायमर आतून कसा चालतो

हे यंत्र लोकप्रिय झालं ते अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल शूटिंगमुळे. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ मध्ये मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. या खेळात एका जागी उभं राहून शांतपणे नेम धरणं नाही. पळायचं, वळायचं, अनेक टार्गेटं मारायची आणि सगळं घड्याळ लावून.

सरावासाठी त्यांच्याकडे ठरलेले ड्रिल आहेत. 'बिल ड्रिल' हा त्यातला सर्वात सोपा (वाचायला सोपा!). ७ यार्डांवर एक टार्गेट, बीप वाजला की होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं आणि ६ गोळ्या मधल्या सर्वोच्च गुणांच्या भागात मारायच्या. मुरलेले नेमबाज हे २ सेकंदांच्या आसपास करतात. कूपर यांचा 'एल प्रेसिदेंते' जास्त प्रसिद्ध आहे. १० यार्डांवर तीन टार्गेटं, त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायचं. बीपला वळायचं, प्रत्येकावर दोन गोळ्या, मग मॅगझिन बदलायचं, पुन्हा प्रत्येकावर दोन. एकूण १२ गोळ्या. सुरुवातीच्या काळात १० सेकंद म्हणजे उत्तम मानत. आजचे वरच्या फळीतले नेमबाज त्याच्या साधारण निम्म्या वेळात करतात.

टायमर हातात मावेल एवढा डबा असतो. बटण दाबलं की १ ते ४ सेकंदांत केव्हातरी बीप वाजतो. ही वेळ मुद्दाम अनिश्चित ठेवलेली, म्हणजे कोणी अंदाजाने आधीच सुटू नये. मग माइक उघडा. आवाजाची पातळी ठरावीक मर्यादेच्या वर गेली की त्या क्षणाची नोंद. शेवटी तुम्हाला दिसतं: पहिली गोळी किती वेळाने, प्रत्येक दोन गोळ्यांमधलं अंतर किती (त्याला स्प्लिट म्हणतात) आणि एकूण वेळ.

ऐकायला सोपं. आता प्रतिध्वनीचा विचार करा. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. टायमर तुमच्यापासून एक मीटरवर असेल तर उशीर ३ मिलिसेकंद, सोडून द्या. पण समोर २५ मीटरवर मातीचा बांध किंवा भिंत असेल, तर आवाज जाऊन परत यायला ५० मीटर, म्हणजे सुमारे १४६ मिलिसेकंद लागतात. आणि चांगल्या नेमबाजाचा दोन गोळ्यांमधला स्प्लिट किती? ०.१५ ते ०.२० सेकंद! म्हणजे प्रतिध्वनी आणि खरी दुसरी गोळी जवळजवळ एकाच वेळी येतात.

उपाय म्हणून टायमरमध्ये 'डेड टाइम' असतो. एक गोळी नोंदवली की पुढचे काही मिलिसेकंद कान बंद. आपण कीबोर्डच्या बटणाला डीबाउन्स लावतो तसंच. हा वेळ कमी ठेवला तर प्रतिध्वनी गोळी म्हणून मोजला जातो, जास्त ठेवला तर खरी गोळी गळते. सगळीकडे चालेल असा एकच आकडा नाही, रेंजची जागा बघून ठरवावा लागतो. सेन्सिटिव्हिटीचंही तेच. शेजारच्या लेनमधली गोळी आपली म्हणून नोंदवली जाऊ शकते. बंदुकीचा आवाज जवळून १५० डेसिबलच्या वर जातो आणि साध्या फोनचा माइक त्याच्या खूप आधी गुदमरतो. गोळी 'केव्हा' वाजली एवढंच हवं असेल तर त्याने बिघडत नाही. पण 'माझी की शेजाऱ्याची' हे आवाजाच्या मोठेपणावरून ओळखायचं असेल तर मेलो, कारण दोन्ही लाटांचे शेंडे सारखेच छाटलेले. बालेवाडीसारख्या रेंजवर एका ओळीत इतक्या लेन असतात की तिथे माइकवर विसंबणं मला तरी जमलं नसतं.

घरी हे प्रश्न नव्हते. बहीण घरी एअर पिस्तुलाच्या ड्राय फायर सोयीवर सराव करते. छर्रे दुसऱ्या खोलीत कुलपात, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासायचं, समोर पक्की भिंत, आणि सरावाच्या वेळी खोलीत कोणी येणार नाही, हा मामीचा नियम. गोळी सुटत नाही, फक्त ट्रिगरची बारीक 'टिक' ऐकू येते. ती टिक पकडणं हे माझं काम होतं.

माझं ॲप कुठे कुठे चुकलं

पहिली अडचण लगेच कळली होती. ॲपला टिक ऐकूच यायची नाही. फोन माइकचा आवाज बोलण्यासाठी साफ करतो, आणि त्याच्या मते टिक म्हणजे कचरा. अँड्रॉइड ७ पासून माइकचा 'अनप्रोसेस्ड' म्हणजे न चाळलेला आवाज मागता येतो (फोनमध्ये ती सोय असेल तर). तो घेतला, खालच्या फ्रिक्वेन्सी कापल्या म्हणजे पंख्याची घरघर गेली, आणि टिक दिसू लागली. एकदा कुकरची शिट्टी शॉट म्हणून नोंदवली गेली. त्यावर उपाय केला की आवाज काही मिलिसेकंदांत विझला तरच ती टिक. इथपर्यंत मी स्वतःवर खूष होतो.

खरी चूक वजाबाकीत होती. मी बीप वाजवायची आज्ञा दिली त्या क्षणाची सिस्टिमची वेळ लिहून ठेवत होतो. पुढे माइकच्या बफरमध्ये टिक सापडली की पुन्हा सिस्टिमची वेळ घ्यायचो आणि दोन्हींतला फरक दाखवायचो. पण 'वाजव' म्हटलं म्हणजे वाजला असं होत नाही. फोनच्या आत आवाज बफरमधून जातो. आणि बहिणीने बीप मोठा ऐकू यावा म्हणून ब्लूटूथ स्पीकर जोडला होता. हे मला माहीतच नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. ब्लूटूथमध्ये आवाज एन्कोड होतो, हवेतून जातो, तिकडे साठतो, डीकोड होतो. दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. परतीच्या वाटेवर टिकसुद्धा बफर भरेपर्यंत थांबते आणि मग माझ्या कोडपर्यंत येते. दोन्ही उशीर एकाच दिशेचे. दोन्हींमुळे तिची वेळ होती त्यापेक्षा जास्त दिसणार.

हे पकडलं ते अगदी गावठी पद्धतीने. फेब्रुवारीत पुन्हा गेलो तेव्हा तिच्या सरावाच्या वेळी दुसऱ्या फोनवर साधं रेकॉर्डिंग केलं. एकाच फाइलमध्ये बीपही आणि टिकही. फाइल ऑडॅसिटीमध्ये उघडली आणि दोन्हींमधलं अंतर मोजलं. ॲप म्हणत होतं २.७४ सेकंद. फाइल म्हणत होती २.४३.

०.३१ सेकंदांचा फरक. आपल्या कामात तीनशे मिलिसेकंद म्हणजे एखादा बरा एपीआय कॉल. तिच्या तीन सेकंदांतले ते दहा टक्के.

विचार करा तिच्यावर काय परिणाम झाला असेल. ती २.४३ ला मारतेय, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ हातात शिल्लक आहे. पण तिला दिसतंय २.७४, दिवा बंद होता होता वाचली. कधी २.९ दिसायचं. साहजिकच तिने हात लवकर उचलायला आणि ट्रिगर घाईने ओढायला सुरुवात केली. रेंजवर गेल्यावर शॉट खाली डावीकडे जाऊ लागले. उजव्या हाताच्या नेमबाजाने ट्रिगर हिसकला की गोळी बहुतेकदा तिकडेच जाते.

आधी वाटलं, ०.३१ वजा करून टाकू. पण वीस रेकॉर्डिंग तपासली तर फरक ०.२६ ते ०.३५ मध्ये हलत होता. ब्लूटूथचा उशीर स्थिर नसतो, त्यामुळे ठरावीक आकडा वजा करून भागत नाही. शेवटी वळत्या कागदाचाच धडा घ्यावा लागला: सुरुवात आणि शेवट एकाच साधनाने टिपायचे. आता बीप वाजतो तो ॲपचा माइकच ऐकतो. माइक सेकंदाला ४८,००० नमुने घेतो. समजा बीपची सुरुवात नमुना क्रमांक ९६,४०० वर दिसली आणि टिक २,१३,०४० वर. फरक १,१६,६४०. भागिले ४८,०००, म्हणजे २.४३ सेकंद. यात सिस्टिमचं घड्याळ कुठे नाहीच. बफरमध्ये कितीही उशीर झाला तरी बीप आणि टिक दोघांनाही तो सारखाच होतो, म्हणून वजाबाकीत उडून जातो. बीप ब्लूटूथ स्पीकरवर वाजला तरी हरकत नाही, तो खरोखर वाजला तेव्हाच मोजणी सुरू होते.

दुसरी चूक नकलेची. अमेरिकन टायमर बघून मी बीप १ ते ४ सेकंदांत केव्हाही वाजेल असं केलं होतं. पण तिच्या खेळात हिरवा दिवा ठरलेल्या ७ सेकंदांनीच लागतो! चांगले खेळाडू ती लय अंगात मुरवतात, श्वास त्या लयीत बसवतात. मी तिला दचकून उठायची प्रॅक्टिस देत होतो. शिवाय खेळात दिवा असतो, बीप नाही. माणूस आवाजाला प्रकाशापेक्षा थोडा लवकर प्रतिसाद देतो. साधारण ०.१५ सेकंद विरुद्ध ०.१९ धरा. हा फरक छोटा आहे, मी तो तसाच सोडलाय, फक्त तिला सांगून ठेवलाय.

आणि तो तारा

तिसरी चूक कोडच्या भाषेत चूक नव्हतीच. मी स्क्रीनवर 'आजची सर्वोत्तम वेळ' दाखवत होतो आणि जुना विक्रम मोडला की एक सोनेरी तारा चमकायचा. ॲप बनवणाऱ्या कोणाच्याही हातून हे आपोआप होतं. पण तिच्या खेळात लवकर मारण्याला काहीही बक्षीस नाही. २.० ला मारा नाहीतर २.९ ला, दहा म्हणजे दहा.

वेळ आणि अचूकता यांचा व्यवहार प्रत्येक खेळ वेगळ्या भावाने करतो. हे कळायला एक उदाहरण घेऊ. एल प्रेसिदेंतेच्या १२ गोळ्या दोन नेमबाजांनी मारल्या. 'क' ने ६ सेकंदांत, त्यात ८ गोळ्या मधल्या 'ए' भागात (५ गुण) आणि ४ बाजूच्या 'सी' भागात (कमी ताकदीच्या काडतुसाला ३ गुण). 'ख' ने ७ सेकंदांत, पण बाराच्या बारा 'ए' मध्ये. कोण जिंकलं?

आयपीएससी पद्धतीत गुण भागिले वेळ करतात, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. 'क' चे ५२ भागिले ६, म्हणजे ८.६७. 'ख' चे ६० भागिले ७, म्हणजे ८.५७. 'क' थोडक्यात जिंकला. आयडीपीए या दुसऱ्या अमेरिकन संघटनेत हिशोब उलटा, चुकांचा वेळ करून मूळ वेळेत मिळवायचा. तिथे २०१७ पासून प्रत्येक गमावलेल्या गुणाला १ सेकंद दंड आहे. टार्गेटची आखणी थोडी वेगळी असते, पण बाजूची प्रत्येक गोळी एक गुण गमावते असं धरलं तर 'क' चे ६ अधिक ४, म्हणजे १० सेकंद, आणि 'ख' चे ७ च. 'ख' आरामात जिंकला. आणि ऑलिंपिकसारखी ७ सेकंदांची ठरलेली वेळ दिली असती तर ६० विरुद्ध ५२, वेळेचा प्रश्नच नाही. गोळ्या त्याच, भोकं तीच, तरी विजेता बदलला.

हिट फॅक्टरमध्ये मला आणखी एक गोष्ट रंजक वाटली. तुमचा फॅक्टर ८.६ च्या आसपास असेल तर एक सेकंद म्हणजे ८.६ गुण. 'ए' आणि 'सी' मधले २ गुण वाचवायला तुम्ही फार तर ०.२३ सेकंद खर्च करू शकता, त्यापेक्षा जास्त नेम धरत बसलात तर तोटा. पण नवशिक्याचा फॅक्टर ४ असेल तर तेच २ गुण अर्ध्या सेकंदाचे. गोळी पूर्णच चुकली तर ५ गुण गेले आणि वर १० चा दंड, एकूण १५. चार फॅक्टरवाल्याला ते पावणेचार सेकंदांना पडतं. म्हणजे जेवढं कौशल्य कमी, तेवढं सावकाश मारणं फायद्याचं. आणि रेंजवर नेमकं उलटं होतं. मुरलेल्याचा व्हिडिओ बघून नवखा त्याच्या वेगाने मारायला जातो.

तर मी तारा काढला. सर्वोत्तम वेळही काढली. आता ॲप फक्त एक पट्टी दाखवतं: तीन सेकंदांची पट्टी आणि तिच्या तीस टिकांचे ठिपके. कोच म्हणाले, ठिपके एकमेकांच्या जवळ हवेत, ते २.३ ला जमले की २.६ ला याचं फार महत्त्व नाही. २.८ च्या पुढची पट्टी लाल केली आहे, कारण रेंजवर एखादा शॉट अडखळला तर तेवढी जागा हाताशी हवी. पहिल्या आठवड्यात तिचे ठिपके १.९ ते २.६ असे पसरलेले होते, हा माझ्याच ॲपने लावलेल्या घाईचा अवशेष. महिनाभरात ते २.३ ते २.६ मध्ये आले. एप्रिलमधल्या क्लबच्या चाचणीत तिने रॅपिडला २७९ मारले. जुना आकडा अजून आला नाही. एकदा बसलेली ट्रिगरची सवय सुटायला वेळ लागतो म्हणे.

तुम्ही सरावासाठी कुठलंही टायमर ॲप वापरत असाल तर विश्वास टाकण्याआधी पाच मिनिटं काढा. दुसऱ्या फोनवर बीप आणि टिक एकत्र रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी फुकट आहे, दोन शेंड्यांमधलं अंतर मोजा आणि ॲपच्या आकड्याशी ताडून बघा. एकदा नाही, दहा-वीस वेळा. फरक स्थिर आहे की हलतोय हेही बघा. इअरफोन, ब्लूटूथ स्पीकर, फोनचा स्वतःचा स्पीकर, जे वापरणार त्याच्यासह. फोन बदलला की पुन्हा.

परवा तिचा मेसेज आला. क्लबमधल्या मुलांनाही ॲप पाहिजे, त्यांच्या रॅपिड फायरसाठी, चार सेकंदांत पाच टिका. आता मलाही डेड टाइम ठरवावा लागणार. घरातली भिंत चार मीटरवर धरली तर आवाज जाऊन येऊन आठ मीटर, साधारण २३ मिलिसेकंद. दोन टिकांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाच्या खाली फारसं जाणार नाही. सध्या १०० ठेवलाय.